अमली पदार्थांचा शोधकाल
सेवन केलेला अमली पदार्थ किंवा त्याचे चयापचयातून बनलेले अवशेष शरीराच्या नमुन्यात ओळखता येतात, तो काळ. रक्त व लाळेत तो बहुधा तासांत किंवा एकदोन दिवसांत मोजतात. लघवीत कोकेनचा अवशेष साधारण २ ते ४ दिवस सापडतो. गांजाचे तसे नाही. त्यातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य चरबीत साठते व हळूहळू पाझरते. म्हणून एखाद्या वेळच्या सेवनानंतर सुमारे ३ दिवस, तर रोजच्या सेवनानंतर ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळही चाचणी होकारार्थी येऊ शकते. तेव्हा ती नशेत असल्याचा पुरावा मानणे अन्यायाचे आहे. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतात. मुळाकडील ३ सेंमी केसांत जवळपास ३ महिन्यांचा इतिहास मिळतो.

निकाल उंबरठ्याच्या मर्यादेवरही, म्हणजे होकारार्थी धरण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणावरही ठरतो. अनारशांवर लावतात त्या खसखशीतूनही लघवीत मॉर्फिन उतरू शकते. याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी चाचण्यांतील अफूजन्य द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम केली. प्राथमिक चाचणी होकारार्थी आल्यास वायुवर्णलेखन-वस्तुमान वर्णपटमितीसारख्या पद्धतीने खात्री करणे आवश्यक असते.