रफू : न दिसणाऱ्या हातांचा इतिहास

इचलकरंजी म्हटलं की सूत आठवतं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिलं आणि पुढे गाव ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ झालं. हे शाळेतली मुलंही सांगतात. लोकरीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ती तर इथे यंत्रमागाच्या कितीतरी आधीपासून आहे.

जवळच पट्टणकोडोली आहे, धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाचं गाव. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, धनगर बायकांनी ती चरख्यावर कातायची, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायची, तेव्हा घोंगडी तयार होते. काळ्या लोकरीला रंगही लागत नाही. थंडीत अंथरूण-पांघरूण आणि पावसात खोळ, सगळं ती एकच.

पैसेवाल्यांच्या पेटीत मात्र काश्मिरी शाल असे. पेशवाईत शालजोडी देऊन मान करत. ‘शालजोडीतले देणं’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पण लोकर म्हटली की कसर आलीच. पेटीत कडुलिंबाचा पाला घातला तरी कुठेतरी भोक पडायचं. तिथे रफूगाराचं काम सुरू होई. त्याच कापडाच्या दुमडीतून धागे काढायचे आणि सुईने ताणा-बाणा पुन्हा विणायचा. ठिगळ दिसतं, रफू दिसत नाही.

हे काम नुसत्या दुरुस्तीपुरतं नव्हतं. १८२०च्या दशकात काश्मीरमध्ये गेलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टने लिहून ठेवलंय की एकेक शाल अनेक मागांवर तुकड्यांनी विणली जाई आणि रफूगार ते तुकडे जोडत. म्हणजे ज्या शालीने दरबारात मान वाढे, ती अखंड दिसायची ती रफूगाराच्या सुईमुळे. शाल कुणी दिली आणि कुणाला दिली, हे दप्तरांत सापडतं. जोडणाऱ्याचं नाव सापडत नाही. काम जितकं उत्तम, तितका कारागीर अदृश्य.

घरातल्या बायकांचंही तेच. आमच्या अम्मी तोकडा झालेला स्वेटर उसवायच्या, लोकर धुऊन, वाळवून तिचे गुंडे करायच्या आणि धाकट्यासाठी नवा विणायच्या. याला कुणी हुनर म्हटलं नाही, ‘घरकाम’ म्हटलं.

वर्गात मी मुलांना शब्द लिहायला सांगतो. शाल, अस्तर, रफू हे फारसीच्या वाटेने आलेले. लोकर, घोंगडी, खळ हे इथल्या गावगाड्यातले. सगळे एकाच ट्रंकेत घडी करून ठेवलेले. तरी काही लोक आम्हाला विचारतात, ‘तुमचा इथला इतिहास काय?’ आणि आमचीच मुलं तो दिल्ली-आग्र्याच्या इमारतींत शोधतात. दोघांचीही चूक एकच: इतिहास म्हणजे फक्त राजे आणि किल्ले, असं ते धरून चालतात. आजही या शहराचं कापड कांडीवाले, वहिफणीवाले, घडीवाले यांच्या हातून जातं. त्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसं आहेत. त्यांची नावं कोण लिहितं?

आता ॲक्रिलिकचा स्वेटर स्वस्त मिळतो, फाटला की टाकून देतात. दख्खनी लोकरीला भाव नाही. रफूगार शोधावा लागतो. म्हणून एवढंच सांगणं आहे: या थंडीत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्याकडे लोकर कोण कातायचं, कोण विणायचं, कोण सांधायचं? जी नावं निघतील ती वहीत लिहून ठेवा. दप्तरांनी जे लिहिलं नाही, ते आपणच लिहायला हवं.