खापरखेड्याची भट्टी आणि गॅसबत्तीची जाळी

नागपूरहून कोराडी ओलांडलं, की खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. 1989 ते 2001 या काळात इथे 210 मेगावॅटचे चार संच आले, 2011 मध्ये 500 चा पाचवा. कोळसा जळतो, पाणी उकळतं, वीज होते. इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण बॉयलरच्या पोटात भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्या, आणि त्यांना ज्वाळेची उष्णता मिळते ती मुख्यतः किरणांनी. अगदी उन्हासारखी! ज्वाळा हजार-बाराशे अंशांच्या वर, वाफ मात्र 540 च्या आसपास, कारण पोलाद त्याहून फार सोसत नाही. ही मधली उतरंड फुकट जाते. 210 च्या संचात 100 भाग उष्णतेतून वीज होते साधारण 35 भाग.

मग किरणांतून थेट वीज का नको?

1956 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत हेन्री कोल्म यांनी गॅसबत्तीच्या तापलेल्या जाळीसमोर सिलिकॉनचा सोलर सेल ठेवला. वीज आली, पण थोडीच. तापलेल्या वस्तूचे बहुतेक किरण अवरक्त. सेलमधला इलेक्ट्रॉन हलवायला त्यांची ताकद पुरत नाही. ते नुसता सेल तापवतात.

पुढची सगळी धडपड या निकामी किरणांशी. मला आवडलेला उपाय अगदी घरगुती आहे: त्यांना परत पाठवा! सेलच्या पाठीला आरसा लावला, की ते किरण तापलेल्या वस्तूकडे परततात, ती त्यांना पुन्हा गिळते, उष्णता घरातच राहते. 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठात सेल आणि सोन्याचा आरसा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर ठेवला, आणि असे जवळपास 98 टक्के किरण परत गेले. 2022 मध्ये एमआयटी आणि एनआरईएलच्या गटाने 2400 अंशांच्या टंगस्टनसमोर 40 टक्के गाठले.

म्हणजे खापरखेडा हरलं? थांबा हं. हा आकडा सेलने प्रत्यक्ष घेतलेल्या उष्णतेवरचा, आपला 35 कोळशापासूनचा. शिवाय कोळशाच्या भट्टीत त्या सेलवर राखच बसेल. संशोधकांचा डोळा वेगळ्या कामावर आहे: दिवसा सौर विजेने ग्रॅफाइटचे ठोकळे तापवायचे, रात्री त्यांच्या झळाळीतून वीज काढायची. कोळसा संपल्यावर खापरखेड्याचं काय, हे विचारणाऱ्यांनी यावर लक्ष ठेवावं. स्विचयार्ड, मोठ्या लाइनी आणि तिन्ही पाळ्यांची सवय असलेली माणसं तिथे आहेतच.

फक्त तो सेल चौरस सेंटीमीटरहूनही लहान होता, आणि चौरस सेंटीमीटरला देतो सव्वादोन वॅटच्या आसपास. एका 210 च्या संचाइतकी वीज हवी, तर असे सेल सव्वादोन एकरांवर अंथरावे लागतील.