बल्लारपूर पाहावयाचें तर

दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या आगगाडींतून बल्लारशाह स्टेशन पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. त्या स्टेशनाचें बल्लारपूर गांव मात्र फार थोड्यांनीं. वर्धा नदीच्या कांठचें हें गांव एक सबंध दिवस राखून पाहण्याजोगें आहे. असा बेत करणाऱ्या श्रोत्यांना तेथें काय पाहावें, यापेक्षां कोणत्या क्रमानें पाहावें, हें सांगणें मला अधिक अगत्याचें वाटतें. क्रम चुकला तर एक पडका किल्ला आणि एक धुराडें, एवढेंच पदरांत पडतें.

दिवस हिवाळ्याचे निवडावे. उन्हाळ्यांत या जिल्ह्यांतील पारा ४५ अंशांवर चढतो, आणि पावसाळ्यांत पुराच्या पाण्यामुळें नदीकांठ पाहावयास मिळेलच असें नाहीं.

सकाळीं प्रथम किल्ला पाहावा. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजानें नदीपलीकडच्या सिरपुराहून, म्हणजे हल्लींच्या तेलंगणांतून, राजधानी येथें आणली अशी परंपरा आहे. पुढें त्यानेंच सुमारें १५ किलोमीटरांवर चांदा, म्हणजे आजचें चंद्रपूर, वसविलें आणि बल्लारपूर मागें पडलें. झरपट नदीच्या पाण्यानें राजाच्या अंगावरील गांठी बऱ्या झाल्या, म्हणून तें नवें शहर उभें राहिलें, असें लोक सांगतात. ही दंतकथा म्हणून टाकून देऊं नये. राजधानी पाण्यामागें कशी जात असे, एवढें तरी तिच्यांतून कळतें. १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांनीं हें राज्य घेतलें.

किल्ल्यावरून खाणीकडे वळावें. येथील जमिनींत कोळशाचे थर आहेत. अशा थरांना भूगर्भशास्त्रज्ञांनीं गोंडांच्या मुलुखावरूनच ‘गोंडवन’ हें नांव दिलें, आणि पुढें दक्षिण गोलार्धांतील एका प्राचीन महाखंडासही तेंच नांव मिळालें. आमच्या रानांतील एका जमातीचें नांव जगाच्या नकाशाला लागलें, हें आपल्या शाळांतून कोणी फारसें सांगत नाहीं. जिल्ह्यांतील वरोड्याची जुनी खाण १९०६ सालीं बंद पडली. त्याच सुमारास बल्लारपुरास कोळसा निघूं लागला होता. मागोमाग रूळ आले, आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठेपर्यंतचा दुवा पुरा होऊन उत्तर व दक्षिण हिंदुस्थान येथें जोडले गेले.

इतकें पाहून झाल्यावरच कागदाच्या गिरणीपाशीं जावें. आंत शिरण्यास परवानगी लागेल. ती मिळाली नाहीं तरी हिरमुसण्याचें कारण नाहीं. करमचंद थापर यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें हीच जागा कां निवडली, याचें उत्तर तोंवर आपण डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. कागदास पाणी लागतें, तें वर्धेंत. बाष्पास कोळसा लागतो, तो पायांखालीं. माल नेण्यास रूळ लागतात, ते दारांत. उरला चवथा पदार्थ बांबू. तो मात्र गांवांत दिसत नाहीं, आणि म्हणूनच बहुतेक प्रवासी त्याला विसरतात.

त्याकरितां दुपारनंतर गोंडपिपरीचा रस्ता धरावा. वर्धा व वैनगंगा या नद्या एकमेकींजवळ येऊं लागतात, त्या दुआबांत हा तालुका आहे. याच जिल्ह्यांतील आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीच्या रानांतील बांबू सरकारशीं झालेल्या करारांनीं गिरणीकडे जात असे. १९२७ च्या वनकायद्यानें बांबूस वृक्षांत गणलें होतें. त्यामुळें ज्या गोंडाच्या घराची भिंत बांबूची आणि ज्या बुरडाचें सूप-टोपलें बांबूचें, त्यांना तो स्वतःच्या रानांतून विकण्यास नेतां येत नसे. एक गिरणी चालावी म्हणून गांवांचा हक्क गहाण पडला होता, असें म्हणणें मला अतिशयोक्तीचें वाटत नाहीं. गिरणीनें पुष्कळांस रोजगार दिला, हेंही तितकेंच खरें. पण तो रोजगार मुख्यतः बल्लारपुरांत मिळाला आणि बांबू मात्र दूरच्या गांवांतून गेला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत आला. त्यानंतरही वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा, हा वाद राहिलाच. अखेर २०११ च्या एप्रिलांत धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाच्या ग्रामसभेस केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं परवान्यांचें पुस्तक स्वतः नेऊन दिलें. मुक्कामास आणखी एक दिवस असेल तर वैनगंगा ओलांडून तें गांवही पाहून यावें; मात्र ग्रामसभेस आधीं कळवून जावें.