घटना निरीक्षक (मॅजेंटो)

घटना निरीक्षक किंवा ऑब्झर्व्हर हा मॅजेंटो या ऑनलाइन दुकानांसाठीच्या संगणकप्रणालीतील एक घटक आहे. दुकानातील एक नोंद बदलली, की तिच्याशी संबंधित इतर नोंदी आपोआप अद्ययावत करणे हा त्याचा एक उपयोग होय.

पार्श्वभूमी

ही रचना एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस यांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' (१९९४) या ग्रंथात वर्णिलेल्या निरीक्षक आकृतिबंधावर आधारलेली आहे. पीएचपी भाषेतील मॅजेंटो ही प्रणाली व्हेरियन कंपनीने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तिची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. २०१८ मध्ये अडोबी कंपनीने मॅजेंटो विकत घेतली.

कार्यपद्धती

उत्पादन जतन होणे, मागणी नोंदवली जाणे अशा टप्प्यांवर प्रणाली विशिष्ट नावाची घटना जाहीर करते. कोणत्या घटनेवर कोणता निरीक्षक चालवायचा, हे दुसऱ्या आवृत्तीत 'इव्हेंट्स.एक्सएमएल' या फाइलमध्ये नमूद केलेले असते. त्यामुळे मूळ आज्ञावलीत फेरफार करावा लागत नाही.

उदाहरणार्थ, एकच वस्तू सुटी आणि संचातून अशा दोन स्वतंत्र नोंदींखाली विकली जात असेल, तर सुटा नग विकला गेल्यावर संचाचा साठाही घटवावा लागतो. अन्यथा शेवटचा नग दोन ग्राहकांना विकला जाऊ शकतो. हे काम 'सेल्स_ऑर्डर_प्लेस_आफ्टर' या घटनेवरील निरीक्षक करू शकतो. मागणी रद्द झाल्यास साठा पूर्ववत करण्यासाठी 'ऑर्डर_कॅन्सल_आफ्टर' या घटनेवर दुसरा निरीक्षक लागतो.

मर्यादा

'सेव्ह_आफ्टर' प्रकारची घटना विदागारातील व्यवहार पक्का होण्यापूर्वी घडते. तिच्यावरून बाहेरील प्रणालीला बदल कळवला आणि नंतर व्यवहार मागे घेतला गेला, तर दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत. अशा कामासाठी 'सेव्ह_कमिट_आफ्टर' ही व्यवहार पक्का झाल्यानंतरची घटना वापरतात.

उत्पादन जतन होण्याच्या घटनेवरील निरीक्षकाने तेच उत्पादन पुन्हा जतन केल्यास तीच घटना पुन्हा घडते आणि अंतहीन आवर्तन सुरू होऊ शकते. निरीक्षक सामान्यतः ग्राहकाच्या विनंतीसोबतच चालत असल्याने वेळखाऊ कामे त्यात न करता रांगेत टाकली जातात. तसेच एसक्यूएलद्वारे विदागारात थेट केलेल्या बदलांमुळे घटना जाहीर होत नाहीत व निरीक्षकाला त्यांचा पत्ता लागत नाही. त्यामुळे ठरावीक काळाने नोंदींचा स्वतंत्र ताळमेळ घेणे आवश्यक ठरते.