लोहमार्ग आणि कोकणची बंदरे

कोकणच्या वस्तीवर लोहमार्गाचा परिणाम तो तेथे येण्यापूर्वीच होऊ लागला होता. घाट उतरून येणारा देशावरील माल पूर्वी खाडीच्या वरच्या टोकाशी किंवा किनाऱ्यावर गलबतांत चढे. पनवेल, महाड, राजापूर, वेंगुर्ले ही गावे अशा संधिस्थानी वाढली. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि पुण्याकडील माल कल्याणमार्गे थेट मुंबईस जाऊ लागला. पनवेलचे महत्त्व त्यामुळे ओसरले. १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याचा मार्ग पुरा झाल्यावर बेळगाव-धारवाडकडील व्यापारही वेंगुर्ल्यापासून दूर वळला.

बंदरांचा देशाशी संबंध असा क्षीण झाला; मुंबईशी असलेला जलमार्गाचा संबंध मात्र टिकून राहिला. गिरण्यांकडे व इतर नोकऱ्यांकडे जाणारी माणसे याच बंदरांतून आगबोटीत बसत. भाषेतही याची खूण आढळते. ‘नोकरी करणारा’ एवढाच अर्थ असलेला ‘चाकरमानी’ हा शब्द कोकणात मुंबईस राहणाऱ्या गावकऱ्याचा वाचक झाला.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण लोहमार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. परंतु तो किनारा व सह्याद्री यांच्या मधून गेला. चिपळूण, कणकवली, कुडाळ यांना स्थानके लाभली. दाभोळ, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही जुनी बंदरे पश्चिमेस राहिली. म्हणून कोकणातील वस्तीच्या इतिहासात लोहमार्गाइतकेच त्याच्या दीर्घ अभावालाही कारण मानणे प्राप्त आहे.