दुष्काळ, युद्ध आणि लमाणांचे बैल

१/ आमच्या अर्धापूरच्या दक्षिणेला कंधारचा भुईकोट किल्ला आहे. १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजेने तो निजामशाहीकडून जिंकला. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळात होरपळत होते.

२/ त्या काळी दख्खनेत उतरणाऱ्या फौजांना धान्य पुरवीत ते बंजारा, म्हणजेच आपले लमाण. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात पाहिलेल्या एका तांड्यात धान्य लादलेले चौदा हजार बैल होते!

३/ या वाहतुकीचे गमक चराईत होते. बैल वाटेतल्या गवतावर जगत. तांडा दिवसाला जेमतेम तीन कोस चाले. चारा संपला की पुढचे रान गाठी.

४/ पुढे रेल्वेने हा धंदा हिरावला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकंतीच संशयास्पद ठरवली. चालता तांडा वस्ती झाला. आज तिथली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात.

५/ माली-नायजरमधले फुलानी पशुपालक आजही पावसामागे कळप नेतात. संघर्षाने त्यांच्या वाटा अडल्या की साधा दुष्काळही जीवघेणा होतो. म्हणून कोरडवाहू मुलखाचा इतिहास वाचताना पावसाच्या आकड्यांसोबत हेही विचारावे: त्या वर्षी वाटा मोकळ्या होत्या का?