फरीदपूरची पाठशाळा आणि जगदीशचंद्र

जगदीशचंद्र बोस यांचे नाव निघाले की आपण वर्गात लाजाळूची, फार तर विद्युतचुंबकीय लहरींची गोष्ट सांगतो. ते शाळेत काय शिकले याकडे मात्र फारसे वळत नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील भगवानचंद्र आजच्या बांगलादेशातील फरीदपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. अशा हुद्द्याच्या माणसाने मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे, ही तेव्हाची रीत. भगवानचंद्रांनी त्याला बंगाली पाठशाळेत बसवले. आधी आपली भाषा आणि आपली माणसे कळू देत, इंग्रजीचे पुढे पाहू, असे त्यांचे म्हणणे. वर्गात जगदीशच्या एका हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा, तर दुसऱ्या हाताला कोळ्याचा मुलगा बसे. पाखरांच्या, जनावरांच्या, पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्याने या दोघांकडून ऐकल्या. ही मुले घरी आली की आई जुन्या वळणाची असूनही सगळ्यांना सारखेच खाऊ घाली. जगदीशला शाळेत नेणारा नोकर तर एकेकाळचा दरोडेखोर! त्याला तुरुंगात धाडणारे भगवानचंद्रच, आणि सुटून आल्यावर कामावर ठेवणारेही तेच. पुढे बर्दवानला तापाच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली, तेव्हा त्यांना हातचा धंदा शिकवण्यासाठी भगवानचंद्रांनी आपल्या आवारात कारखाना काढला. तेव्हा पाठशाळेचे संस्कार कोणते आणि घरचे कोणते, याची वाटणी करण्यात अर्थ नाही.

पाठशाळेची ही हकिकत बोस यांनी १९१५ मध्ये विक्रमपूरच्या परिषदेत सांगितली. पन्नाशी उलटल्यावर माणूस आठवणी निवडून सांगतो, हे आपण जाणतोच. म्हणून त्यांच्या बोलण्यापेक्षा वागण्याकडे पाहणे बरे.

केंब्रिजहून परतून ते १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्याच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही निम्मा; म्हणजे हाती एक तृतीयांश. बोस यांनी तक्रारअर्जांवर भागवले नाही. ते रोज शिकवत राहिले, पण पगाराला हात लावला नाही. असे तीन वर्षे चालले, तेही घरावर वडिलांच्या फसलेल्या उद्योगांचे कर्ज असताना. अखेर पूर्ण पगार मागील बाकीसह मिळाला आणि तो कर्जफेडीच्या कामी आला. शेजारी बसणाऱ्याला आपल्याहून कमी न मानण्याची सवय लागलेल्या मुलाला, आपल्यालाही कोणी कमी मानलेले चालत नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. इतिहासकाराला तो कदाचित मान्य होणार नाही.

पेटंटची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १९०१ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी एक धनिक मागे लागला. त्यांनी नकार दिला. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये एक अमेरिकन पेटंट निघाले खरे, पण पुढे बोस यांनी त्याचा काहीच लाभ उठवला नाही. हा त्याग व्यवहाराला धरून होता का, यावर आम्हा संशोधकांत आजही एकमत होत नाही.

१९१७ च्या ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी बोस संस्था राष्ट्राला अर्पण केली. इथले शोध सर्वांचे, त्यांवर पेटंट घ्यायचे नाही, हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले. संस्थेच्या आराखड्यात प्रयोगशाळांच्या जोडीला एक मोठे व्याख्यानगृह होते. ते पाहून त्यांच्या दुसऱ्या गुरूची आठवण होते. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये बेल्जियमहून आलेले फादर लाफाँ त्यांना भौतिकशास्त्र शिकवत. लाफाँ वर्गात तर प्रयोग करून दाखवतच, पण शहरातल्या लोकांसाठीही सप्रयोग व्याख्याने देत. बोस यांनीही १८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. संस्थेचे व्याख्यानगृह पाहायला मात्र लाफाँ नव्हते; ते १९०८ मध्येच वारले.